नागावकर बाई आणि वरून आलेला कागद

नागावकर बाई शनिवारी खडू हातात घेत नसत. सोमवार ते शुक्रवार त्यांच्या खडूला उसंत नसे. सनावळ्या, नकाशे, सैन्यांचे बाण, सगळं फळ्यावर धडाधड उतरायचं आणि तास संपेपर्यंत बाईंच्या सुती साडीचा पदर पांढरा झालेला असायचा. शनिवारी सकाळच्या शाळेत मात्र त्या टेबलाच्या कडेला टेकून, हात मागे बांधून नुसत्या बोलायच्या. काही लिहायची वेळ आलीच तर "सावंत, लिही गं" म्हणून मला उठवायच्या, कारण माझं अक्षर चांगलं होतं. अक्षर सोडलं तर माझ्यात नाव घेण्यासारखं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

घाटकोपरच्या आमच्या भटवाडीत या खडूचा अर्थ प्रत्येकानं आपापल्या परीनं लावला होता. माझ्या मालवणी आईच्या मते बाईंना साडेसाती होती. "शनीचा कडक व्रत आसतला तेंचा," ती खात्रीनं सांगायची. नागावकर म्हणजे अलिबागकडच्या, म्हणजे आपल्यातल्याच, हाही तिचाच निकाल. कपाळाला कुंकू नव्हतं, म्हणून चाळीतल्या बायकांनी त्यांना विधवा ठरवलं होतं. शाळेतल्या फलकावर 'कु. एस. ए. नागावकर' असं लिहिलेलं होतं, पण चाळ एकदा ठरवते तेव्हा फलक वाचायला जात नाही.

बाई पन्नाशीच्या होत्या. उंची जेमतेम, अंगानं काटकुळ्या, आणि आवाज असा की मधल्या सुट्टीत खालच्या मैदानातली मुलं वर बघायची. रागावल्या की "डोकं भाड्यानं दिलंयस का?" हा ठरलेला प्रश्न. कुणी काही ठासून सांगितलं की लगेच विचारायच्या, "पाहिलंस, वाचलंस, की कुणीतरी म्हणालं?" बहुतेक वेळा कुणीतरी म्हणालेलंच असायचं. त्यांचे भाऊ-बहिणी एकेक करून परदेशात गेले होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. "तुम्ही का नाही गेलात बाई?" असं एकदा कुणीतरी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊन काय करू? माझं सगळं भांडण मराठीत."

नववीला बाई आमच्या वर्गशिक्षिका झाल्या. मी तेव्हा तिसऱ्या बाकावर बसायचे आणि माझ्या शेजारी उज्ज्वला मोरे. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून ती आठवीला आमच्याकडे आली होती. गणितात माझ्या दहा पावलं पुढे, बोलायला फटकळ, आणि हसली की बाक हलायचा. वर्षभर आमचं गूळपीठ होतं. तिचं घर डोंगरावर, वरच्या वस्तीत. मी दोनदा तिच्याकडे गेले होते, जेवले होते, भिंतीवरचा बुद्धाचा मोठा फोटोही पाहिला होता. पण त्या वयात कितीतरी गोष्टी दिसतात आणि कळत नाहीत. किंवा कळतात, आणि कुणी मोठ्यानं म्हणेपर्यंत कळल्या नाहीत असं आपण धरून चालतो.

मोठ्यानं म्हणायचं काम शिपायाच्या सूचनावहीनं केलं. जुलैतला पहिला आठवडा, पहिला तास. बाईंनी सूचना वाचली आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "मागासवर्गीय मुलांनी उभं राहा. शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत, नावं लिहून घेते." त्या काळी बहुतेक शाळांत हे असंच चाले. दरवर्षी चाले. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, म्हणजे बसून राहणाऱ्यांपैकी कुणाला. मागच्या वर्षी उज्ज्वलाचा फॉर्म तिच्या जुन्या शाळेतून परस्पर आला होता. या वर्षी ती उभी राहिली. तिच्यासोबत आणखी चौघं. बावन्न मुलांनी माना वळवून पाचजणांकडे पाहिलं. बाई नावं लिहीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरून आवाज आला, "सरकारचे जावई आले रे!" दुसऱ्या दिवशी डबा खाताना दोघीजणी आमच्या गोलातून उठल्या. आणि तिसऱ्या दिवशी मी बाक बदलला. मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी कुणाला पत्ताही नव्हता. उज्ज्वलाला म्हणाले, "मला इथून फळा नीट दिसत नाही गं." ती म्हणाली, "बरं." आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझे कान गरम होतात, ते झालेच पाहिजेत.

फॉर्म आठवड्यात भरून आणायचे होते. चौघांनी आणले, उज्ज्वलानं नाही. बाई रोज आठवण करायच्या, आणि त्यांच्या त्या आवाजात! "मोरे, फॉर्म? अगं, सवलत बुडेल तुझी. वडलांची सही घ्यायला एवढा वेळ?" त्यांना खरंच तिची काळजी होती. हुशार मुलीचं शिक्षण एका कागदापायी अडायला नको म्हणून त्या तळमळीनं विचारत. पण प्रत्येक वेळी मोरेला उभं राहावं लागे आणि प्रत्येक वेळी माना वळत. शेवटी ती म्हणाली, "नको मला, बाई." "नको म्हणजे? डोकं भाड्यानं दिलंयस का?" वर्ग हसला. सवलत नसेल तर तिच्या घरून तिला पुढे शिकवणं जमणार नव्हतं, हे मला माहीत होतं. शिवणकामाच्या क्लासला जाईन म्हणते, असं तिनं दुसऱ्या एका मुलीला सांगितलेलं माझ्या कानावर आलं होतं. मी माझ्या नव्या बाकावरून फळ्याकडे बघत राहिले.

त्याच सुमाराला इतिहासात दुसरं महायुद्ध आलं. पुस्तकात ज्यूंच्या छळावर दोन-अडीच ओळी होत्या. बाईंनी त्या वाचल्या, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "हे शनिवारी." मुलांना लढाया हव्या होत्या. जर्मनीच्या त्या हुकूमशहाबद्दल आमच्या वर्गात भलतंच कौतुक होतं. "काय शिस्त होती यार! आपल्याकडे असा एक पाहिजे, झकास काम होईल," असं पोरं सर्रास म्हणायची, कारण त्यांचे काका-मामा तसं म्हणायचे. बाई त्याचं नाव उच्चारत नसत. त्यांच्या लेखी तो फक्त 'मिशीवाला' होता.

शनिवारी बाई टेबलाला टेकल्या. एका पोरानं सुरुवातीलाच विचारलं, "बाई, ज्यू म्हणजे दिसतात तरी कसे?"

"असे," बाई म्हणाल्या आणि स्वतःकडे बोट दाखवलं.

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत, तेव्हा हळूहळू आमचंही हसू थांबलं. तो पोरगा गोंधळून म्हणाला, "पण बाई, तुम्ही तर नागावकर!"

"मग? नागावचे ते नागावकर. माझं नाव सिपोरा. आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी आम्ही काम करत नाही, घाणा बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. मी शनिवारी शाळेत येते ते घर पाच मिनिटांवर आहे, गाडीत बसावं लागत नाही म्हणून. आणि लिहीत नाही, एवढं तरी पाळते." आईच्या साडेसातीचा असा तिथल्या तिथे निकाल लागला.

मग त्यांनी लेनीआंटींची गोष्ट सांगितली. बाई लहान असताना, भायखळ्याच्या त्यांच्या घरात, मिशीवाल्यानं व्हिएन्ना घेतल्यावर तिथून पळून आलेल्या एक बाई भाड्यानं राहायला होत्या. त्या बिस्किटं सुंदर करायच्या. पण रेशनच्या रांगेत नाव पुकारलं की त्यांच्या हातातलं कार्ड थरथरायला लागायचं. छोट्या सिपोरानं कारण विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांच्या छळाची सुरुवात रणगाड्यांनी झाली नव्हती. सुरुवात शाळेत झाली. "त्यांच्या वर्गशिक्षिका वाईट नव्हत्या बरं का," बाई आम्हाला म्हणाल्या. "ओरडल्या नाहीत, मारलं नाही. एक दिवस वरून कागद आला. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, ज्यू मुलींनी उभं राहा, यादी करायची आहे. लेनी उभी राहिली. तिची शेजारची मैत्रीण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. पुढचं सगळं त्या यादीवरून झालं. लेनीआंटी वाचल्या. त्यांचे आईवडील, धाकटी बहीण, कुणी नाही वाचलं."

मी वहीवर पेनानं एकाच जागी रेघोट्या मारत होते.

बाई टेबल सोडून दोन पावलं पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "आणि आपल्याकडे बघा. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तुमच्यात राहिलो, नारळाच्या रसातलं मटण खाल्लं, ओव्या गायल्या. आम्हाला इथे कुणी कधी असं उभं केलं नाही. या मातीत ते नाहीच."

तेव्हा उज्ज्वला उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं.

"बाई, त्या लेनीच्या बाईंना कळत नव्हतं का, तिला कसं वाटतंय ते?"

"नसेल कळलं. म्हटलं ना, त्यांना वरून कागद आला होता."

"तुम्हालाही वरून कागद येतो, बाई."

बाईंना क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मोरे! काय बोलतेस? ते मारायला होतं आणि हे शिकवायला! तुझ्या भल्यासाठी घसा फोडतेय मी, आणि तू मला कुणाच्या पंगतीला बसवतेस? लाज नाही वाटत? बाहेर जा! जा आधी!"

उज्ज्वलानं दप्तर उचललं आणि गेली. ती वर्गाबाहेर थांबली नाही, सरळ फाटकातून निघून गेली. तास संपायला दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं बाई मागे बांधलेले हात न सोडता खिडकीपाशी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवारी, आम्ही चहा पीत होतो तेव्हा बाई आमच्या दारात. घामाघूम, धाप लागलेली. आमची खोली तळमजल्यावर, तरी इतकी धाप कशी, असं मला वाटून गेलं. आईची तारांबळ उडाली. "येवा बाई, बसा, चाय घेतल्याशिवाय सोडूचंय नाय."

"चहा परत कधीतरी. तुमची मुलगी हवी आहे मला. मोरेचं घर मला ठाऊक नाही, ही दाखवेल."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं, नाहीतर मी म्हटलं असतं. आम्ही डोंगराची चढण चढायला लागलो. बाई मध्ये मध्ये थांबायच्या, कुणाच्यातरी ओट्याला हात टेकायच्या आणि पुन्हा चालायला लागायच्या. मला सारखं वाटत होतं, घरी कुणी नसावं. पण दार उघडं होतं. उज्ज्वलाचे वडील कुर्ल्याच्या एका कारखान्यात फिटर होते, ते जमिनीवर बसून स्टोव्ह दुरुस्त करत होते. आई तांदूळ निवडत होती. उज्ज्वला आम्हाला बघून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

बाई बसल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "मोरे, काल मी तुला बोलले, ते चुकलं माझं. तू म्हणालीस ते खरं होतं. सगळ्या वर्गासमोर बोलले, तेव्हा उद्या सगळ्या वर्गासमोर मागे घेईन. पण आधी तुझ्या घरी येऊन सांगायला हवं होतं."

वडलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना फॉर्मही माहीत नव्हता. तो उज्ज्वलाच्या दप्तरात, भूमितीच्या पुस्तकात घडी घालून तसाच होता. तो हातात घेऊन त्यांनी सावकाश वाचला. मग बाईंकडे बघून शांतपणे म्हणाले, "बाई, फॉर्म भरायची लाज आम्हाला नाय. हक्काचा हाय तो. आमच्या बापजाद्यांनी लय सोसलं, तवा मिळाला. पण पोरीला उभं कशाला करता? नाव तुमच्या पटावर हाय, जात तुमच्या दाखल्यावर हाय. ऑफिसात बोलवा आन् द्या की कागद हातात."

"एवढं साधं होतं," बाई म्हणाल्या, "आणि मला सुचलं नाही. एकवीस वर्षं शिकवतेय." आणि त्यांच्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं. ज्या बाईंना अख्खी शाळा टरकून असायची, त्या एका फिटरच्या उंबऱ्यात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. मला त्यांचा इतका अभिमान आणि स्वतःची इतकी शरम एकदम कधीच वाटली नव्हती.

उज्ज्वलानं माझ्याकडे पाहिलं. "आणि तू कशाला आलीस?"

"बाईंना घर दाखवायला," मी म्हणाले, आणि मलाही रडू फुटलं.

"तू काय रडतेस? तुला कुणी उभं केलं?"

तिच्या आईनं आम्हा सगळ्यांना दटावून खाली बसवलं आणि भाकरी, सुकटीची चटणी पुढे ठेवली. बाईंनी भाकरी मोडायच्या आधी ओठांत काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं आणि मग दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी खाली मान घालून खात होते. वडलांनी फॉर्मवर सही केली.

सोमवारी बाईंनी शब्द पाळला. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "शनिवारी मी मोरेला वर्गाबाहेर काढलं. तिनं मला माझी चूक दाखवली होती आणि ती मला सोसवली नाही. ती चूक जुलैत मी पाच जणांच्या बाबतीत केली, आणि त्याआधी एकवीस वर्षं. त्या सगळ्यांची मी माफी मागते." एवढंच. मागच्या बाकावरच्यांना काही बोलल्या नाहीत. आम्हाला कुणालाच काही बोलल्या नाहीत. मी दप्तर उचलून तिसऱ्या बाकाशी गेले. उज्ज्वला सरकली. त्या दिवसापासून आम्ही पुन्हा शेजारी बसलो आणि त्या विषयावर दोघींनीही चकार शब्द काढला नाही.

हेडमास्तरांना मात्र बाईंचं हे नवं खूळ पटलं नाही. एकेका मुलाला वेगळं बोलवायला ऑफिसला वेळ कुठे, असं त्यांचं म्हणणं. "ऑफिसला नसेल, मला आहे," म्हणून बाई स्वतःच फॉर्म घेऊन रविवारी घरोघर जायला लागल्या. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी जुलैत त्या कापडी पिशवी घेऊन डोंगर चढताना दिसायच्या. गुडघे दुखायला लागले तेव्हाही. वरच्या वस्तीत त्यांना फॉर्मवाल्या बाई म्हणत. लेनीआंटींची गोष्ट त्या पुढच्या वर्गांनाही सांगायच्या म्हणे. फक्त "या मातीत ते नाहीच" हे वाक्य त्यांनी त्यातून काढून टाकलं आणि त्या जागी स्वतःची जुलैतली सकाळ घातली. नाव न घेता उज्ज्वलाचं वाक्यही सांगायच्या.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बाई निवृत्त झाल्या आणि गुडघ्यांपुढे हात टेकून भावाकडे इस्रायलला जायला निघाल्या. सामान बांधायला आम्ही दोघी गेलो. उज्ज्वला तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मी एका ऑफिसात टायपिंग करत होते. बाईंच्या दोन खोल्यांत खोकीच खोकी. सुतळी संपली म्हणून उज्ज्वला खाली दुकानात गेली, तेव्हा मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं.

"बाई, तेव्हा तुम्ही वर्गासमोर माफी मागितलीत. आम्हाला काहीच बोलला नाहीत. मी बाक बदलला होता, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"वर्गशिक्षिका होते मी. कोण कुठे बसतं ते मला नको ठाऊक?"

"मग मला का नाही ओरडलात?"

बाई वर्तमानपत्रात कप गुंडाळत होत्या. "काय करायचं होतं? बाक बदलणाऱ्यांनी उभं राहा, म्हणायचं होतं? तूच सांग, राहिली असतीस?"

उत्तर मला ठाऊक होतं. "नाही."

"म्हणून तर तुला घेऊन गेले डोंगरावर."

"ते घर दाखवायला."

"घर कशाला दाखवायला हवं होतं? पत्ता पटावर होता. त्या दिवशी सकाळी मी आधी तिच्याच दारापाशी गेले होते. दार उघडं दिसलं आणि आत जायचा धीर झाला नाही. तशीच खाली आले. म्हटलं, आपल्यासारखीच आणखी एकजण आहे, जिला यायचंय आणि येता येत नाही. तिला घेऊन जाऊ." त्यांनी तो कप खोक्यात ठेवला आणि दुसरा घेतला.

उज्ज्वला सुतळीचा गुंडा घेऊन आली. आम्ही दोघी खोक्याच्या दोन बाजूंना बसलो. तिनं सुतळी आवळली, आणि मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "उज्ज्वला, तेव्हा मला फळा दिसत होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "इथे बोट ठेव, गाठ मारते."

मी बोट ठेवलं. बाई आमच्याकडे पाठ करून कप गुंडाळत राहिल्या.